नदीच्या वेढ्यातलं गाव आणि माझ्या आयचं फ्रेंच

अशा गोष्टी ऐकल्या की मी आधी हसते. माझा या कशावर काडीचाही विश्वास नव्हता, आणि या अनुभवात भूतबित काही नाहीच... पण अक्कल मात्र अजून चालत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे वसईचे, बहारीनला जुफैरमध्ये राहायचो. मी अदलियातल्या एका छोट्या ऑफिसात सेक्रेटरी होते. माझी बॉस क्लेअर, फ्रेंच. तिचे वडील वारले, तेव्हा ती आपल्या म्हाताऱ्या आईला, मादाम ओदेतना, जनाबियातल्या आपल्या व्हिलात घेऊन आली. आल्यापासून बाईंनी बोलणंच टाकलं. जेवणही नावालाच. डॉक्टर म्हणायचे, दुखणं काही नाही. क्लेअर मात्र रोज सुजलेले डोळे घेऊन ऑफिसला यायची.

त्याच सुमारास माझ्या बाळंतपणासाठी आय आली. "तुझ्या आईला घेऊन ये ना एकदा, ममाला तेवढीच सोबत," क्लेअर म्हणाली. आता माझ्या आयला वसईची बोली सोडली तर हिंदीसुद्धा धड येत नाही! तरी शुक्रवारी आयने फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळले आणि आम्ही डबा घेऊन गेलो.

दोघी बागेत बसल्या. आम्ही आत चहा करत होतो. थोड्या वेळाने खिडकीतून बघतो तर — मादाम बोलत होत्या! धबधब्यासारख्या. हातात अर्धा फुगा, आणि आय मधूनमधून विचारतेय, "मग? मग काय झालं?"

क्लेअरच्या हातातला कप तसाच राहिला.

बाहेर जाऊन मी विचारलं, "आय, काय चाललंय?"

"काय म्हंजे? आपल्या गावचं सांगते ती. डोंगरावर गाव हाय, तीन बाजूंनी नदी. पूर येते तवा खालच्या आळीत पाणी शिरते, भिंतींवर खुणा करून ठेवल्यात. पुलाची मधली कमान लढाईत उडवली, नवा दगड पांढरा हाय. आणि शत्रू देवळाची घंटा न्यायला आले, तवा हिच्या बापाने ती चामडं भिजवायच्या हौदात लपवली."

मी हे इंग्लिशमध्ये सांगत गेले, तशी क्लेअर खाली बसली. नदी, पूल, पुराच्या खुणा, सगळं खरं होतं. "पण घंटेचं मला माहीत नाही..." तिने आईला फ्रेंचमध्ये विचारलं. मादाम हसल्या. हो म्हणाल्या. त्यांच्या वडिलांचा चामड्याचा कारखाना होता, आणि ही गोष्ट त्यांनी घरात कधी कुणाला सांगितलीच नव्हती.

आय क्लेअरकडे वळली. "बाय, तिला घरी जायचंय. तू गावचं घर विकायचं म्हंतेस, म्हणून ती गप हाय."

हेही खरं निघालं. क्लेअरने तिथेच आईला मिठी मारली, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या. त्या दिवशी मादामनी डबा पुसून खाल्ला. घर विकायचा बेत खलास!

नवरा म्हणाला, "हातवारे केले असतील गं." मीही तेच मनाला पटवलं. हातवाऱ्यांनी घंटा सांगता येईल, हौदही एखादवेळेस...

मला मुलगी झाली, आणि मादाम तिला बघूनच आपल्या गावी परत गेल्या. नंतर एका दुपारी त्यांचा फोन आला. मी "हॅलो" म्हटलं. पलीकडून फ्रेंच, मधूनच आयचं नाव. मी रिसीव्हर आयला दिला.

पुढे बराच वेळ आय आपल्या बोलीत बोलत होती, थांबून ऐकत होती, मध्येच पदर तोंडाला लावून खदखदा हसत होती. पलीकडचं हसू मला सोफ्यावर ऐकू येत होतं. तिथे हातवारे कोण बघणार होतं?

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आय, खरं सांग, तुला फ्रेंच येतं?"

"मला? येडी का काय! ती मराठी बोलते ना!"

मादामना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. क्लेअरने नंतर त्यांना विचारलं, तर त्यांचंही उत्तर ठरलेलं — तुझ्या मैत्रिणीची आई किती सुंदर फ्रेंच बोलते!

आम्ही दोघींनी मग विचार करणंच सोडून दिलं. तुमच्यापैकी कुणाला काही उलगडलं तर सांगा.