ठेकेदाराचा पाय

किस्से कोणी जमवत नाही. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटांची काळी धूळ रायपूरच्या गच्च्यांवर येऊन बसते, तसे ते बसतात. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा बोटाले लागतेच. तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यात चहाच्या ठेल्यापाशी आमचा बाक आहे. बसणारे तिघं: मी, रेल्वेतला रिटायर गार्ड ढोबळे, अन् सिलतऱ्यात क्रेन चालवणारा मेश्राम. बाकाखाली माझा कुत्रा. त्या वर्षी त्याच्या मागच्या पायाच्या हाडात कॅन्सर निघाला, अन् एवढे किस्से बसले की पुसता पुसत नाहीत.

कुत्र्याचं नाव ठेकेदार. मी प्लांटात फिटर होतो तवा तो गेटवर राहायचा. काम काही नाही, जेवणाच्या टायमाले हजर, अन् वरून सगळ्यांवर भुंकायचा. नाव मेश्रामनं ठेवलं. मी रिटायर झालो तवा कंपनीनं शाल दिली, अन् हा आपल्या मनानं मागे आला. शाल कधीचीच फाटली.

*

लंगडायला लागला तवा ढोबळे म्हणे, "मोच आहे, पाय मुरगळला. हळद-तेल चोळ." मी चोळलं. ज्यानं कधी मांजराले दात दाखवला नाही, तो माझ्यावर गुरगुरला. मंग डॉक्टरकडे नेलं. राजधानी झाल्यापासून आमच्या इथं माणसाले फुटपाथ नाही, पण कुत्र्याले एक्स-रे आहे.

डॉक्टरीण तरुण पोट्टी. आपल्यातलीच, मराठी सारी समजते, बोलते हिंदीत. म्हणाली, "अंकल, हड्डी को कैंसर खा रहा है." मंग रस्ते सांगितले. पाय काढला तर दुखणं जाईल. वरून केमोची इंजेक्शनं दिली तर आणखी काही महिने मिळतील. काहीच नाही कापलं तर नुसत्या गोळ्या, पण पोखरलेलं हाड कवाबी तुटू शकते. अन् शेवटचा रस्ता कायमचं झोपवायचा.

"बरा कधी होईल?"

"ठीक नहीं होगा, अंकल. दर्द जाएगा."

मी म्हटलं, "ठीक नाही होणार, हे माझा डॉक्टर मले बी सांगते. पण तो पाय नाही मागत."

ती हसली नाही. "सोचकर बताइए," म्हणाली. "लेकिन ज़्यादा मत सोचिए."

*

विचार बाकावर झाला. ढोबळे साफ विरोधात. "अबे किसना, जनावराचा पाय कापतेत का? तीन पायावर काही टिकते काय, डुलते."

मेश्राम म्हणे, "डुलते ते चार पायाचं. तीन पायाचं कधीच नाही डुलत."

चहावाल्यानं आतून तिपाई आणून ठेवली. ढोबळे बसला. पुढे झुकला, मागे झुकला. तिपाई हलली नाही.

उठून म्हणे, "तिपाईले कुठं पळायचं राहते?"

*

पोराचा पुण्याहून फोन आला. त्याले मराठी समजते, पण हिंदीच बोलते. "पापा, उसकी उम्र हो गई है. अब क्यों उसको तकलीफ़ देना? सुला दीजिए."

मी म्हटलं, "कुत्र्याच्या हिशेबानं तो माझ्याच वयाचा आहे. माझा नंबर लागला का डॉक्टरले हेच सांगजो."

आमची बायको बाजूले पोळ्या लाटून राहिली होती, तिनं लाटणं थांबवलं. पोरगा म्हणे, "पैर निकलवा लीजिए, पापा."

आमच्या बायकोनं आजवर कुत्र्याले ओसरीच्या आत येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी माझंच पांघरूण स्वयंपाकघरात त्याच्याखाली घातलं. मी पाहिलं तर म्हणे, "अहो, फरशी गार आहे. तुम्ही घ्या ना दुसरं."

*

इंजेक्शनाचं काय करायचं, हे काही ठरत नव्हतं. मेश्रामच्या बायकोले तीच इंजेक्शनं लागली होती, माणसातली. तो कधी बोलत नाही त्याच्यावर. त्या दिवशी कपातल्या चहाकडे पाहत बोलला.

"तिले माहीत होतं काहून उलट्या होऊन राहिल्या. तरी शेवटी म्हणे, मले फक्त दुखू नका देऊ. याले तर काहून तेबी नाही समजणार. तू दुखणं काढ, किसना. बाकीचं राहू दे."

चहा सांडला म्हणून ढोबळे चहावाल्यालेच बोलला.

*

तरी ढोबळेचं चालूच. "तीन पायानं जगणारा कुत्रा दाखव, मंग कापजो."

भनपुरीले ट्रान्सपोर्टच्या आवारात एक आहे, असं मेश्रामनं ऐकलं होतं. ऑटो करून तिघं गेलो. मुनशीले विचारलं तर म्हणे, "अभी तो यहीं था." ढोबळे चप्पल काढून टायरवर बसला. कुत्रा ट्रकखालून आला, एक चप्पल तोंडात धरली अन् निघाला.

आमचे तिघांचे सहा पाय, त्याचे तीन. दोन ट्रकांना फेरा मारून आम्ही दम खात उभे. एक ड्रायव्हर वरून म्हणे, "बैठ जाओ, चाचा. उसका मन भरेगा तो खुद दे जाएगा."

नाही दिली. परत येताना ऑटोत मी ढोबळेले विचारलं, "मंग काय म्हणते?"

"माझ्याशी बोलू नको," म्हणे. "मी अनवाणी आहो."

*

पाय काढला, इंजेक्शनं नाही घेतली. घरी आणला तवा जेवला, झोपला, पण मुतायचं नाव नाही. घरात करायची सवयच नाही त्याले. डॉक्टरीण फोनवर म्हणे, "आज होना ज़रूरी है, अंकल."

पोटाखाली टॉवेल धरून मी अन् मेश्राम त्याले बाकासमोरच्या खांबापाशी घेऊन गेलो. मुश्कील अशी, की तो जो पाय वर करायचा, तोच गेला होता. खांब हुंगला. उरलेला खुंट हलवला. तोल गेला, बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. मंग माझ्याकडे पाहिलं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी दुसरीकडे पाहून राहिलो.

ढोबळे बाकावरून उठला. नवीन पँट घातली होती त्यानं, कुठल्या तरी लग्नाले निघाला होता. "सरका," म्हणाला, अन् ज्या बाजूले पाय नव्हता त्या बाजूले येऊन उभा राहिला. ठेकेदारानं त्याच्या गुडघ्याले अंग टेकवलं. थोडा वेळ काही नाही. मंग सुरू झालं, अन् बराच वेळ चाललं.

मेश्राम हळूच म्हणाला, "ढोबळ्या, पँट."

"चूप बस," ढोबळे म्हणाला. "मधात बोललं तर थांबून जाईल तो."