पाला उचलायचा राहिला

एमएच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या सुरक्षिततेची काळजी इतक्या लोकांना होती की ती करायला माझी मला फुरसतच मिळायची नाही. नाशिकच्या वसतिगृहात रेक्टरबाई संध्याकाळी सातला फाटक लावायच्या आणि मुली मोजायच्या. खोलीतल्या मैत्रिणींनी पहिल्याच आठवड्यात मला बसमध्ये सेफ्टी पिन कशी धरायची आणि तिखटाची पुडी पर्सच्या कुठल्या कप्प्यात ठेवायची हे शिकवलं. ती पुडी माझ्याच पर्समध्ये फुटली आणि मी अख्खा तास शिंकत बसले, ते जाऊ द्या. भर दुपारी, भरलेल्या सिटी बसमध्ये, कडक इस्त्रीच्या शर्टातला एखादा माणूस कोपर लावायचा. आणि त्याच शहरातल्या मुली मला विचारायच्या, तू जव्हारची ना, तिकडे जंगलात तुला भीती नाही वाटत? आता यावर काय बोलणार!

भीती वाटतच नव्हती असं मी म्हणणार नाही. पण कुठे वाटते आणि कुठे नाही, हे मला माझ्या पायांना विचारून कळत होतं, इतरांच्या सल्ल्यातून नाही. म्हणून प्रबंधाचा विषयही मी हट्टानं तसाच घेतला. जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या पाड्यांतल्या बायका लाकडाला, पाण्याला, बाजाराला एकट्या जातात, तेव्हा त्या स्वतःला कशा जपतात? मार्गदर्शक बाईंना विषय फार आवडला. माझं तिथं जाणं मात्र आवडलं नाही. त्यांनी दोन अटी घातल्या: प्रत्येक फेरीला घरचा पुरुष सोबत हवा आणि तसं वडिलांचं लेखी पत्र हवं. पत्र नसेल तर विषय रद्द, मग ग्रंथालयात बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांवर काहीतरी लिहायचं.

म्हणजे एकट्या जाणाऱ्या बायकांचा अभ्यास करायचा, पण करणारीनं एकटं जायचं नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विषय हातचा जायला नको होता, म्हणून नाक मुठीत धरून ‘हो बाई’ म्हणाले.

बाबा मूळचे जामसरच्या शेतकऱ्याच्या घरातले, जव्हारला प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी सुंदर अक्षरात पत्र लिहिलं आणि सोबतीला माझ्या मामाची नेमणूक केली. मामा वनखात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी फाइलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, पण खाकी पँटची सवय काही सुटली नव्हती. तर पहिल्या फेरीला आम्ही दोघं फाट्यावर बसमधून उतरलो, अर्धा तास चढ चढलो, आणि समोरून मोळ्या घेऊन बायका आल्या. खाकी पँट, हातात काठी आणि बाजूला वही घेतलेली मी. लाकूड धरायला गार्ड आला असं वाटायला लाकडाच्या वाटेवर एवढं पुरे होतं. एकीनं डोक्यावरची मोळी जागच्या जागी टाकली आणि सगळ्या करवंदीच्या जाळीआड दिसेनाशा झाल्या. मामा बिचारे हाका मारत राहिले, अहो बायांनो, मी रिटायर आहे! एक कुत्रं तेवढं थांबलं.

राखणीला म्हणून जो माणूस दिला, त्यालाच बघून बायका पळाल्या. ही चूक आमच्यासारख्या शिक्षक-कारकुनांच्या घरातच व्हायची. पुढच्या फेरीला मी मामांशी तह केला. त्यांचे गुडघे दुखत होतेच. त्यांनी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचं, मी वर जाऊन यायचं आणि परत दोघांनी मिळून घरी जायचं. बाबांना यातलं काही सांगायचं नाही. मामांनी एवढ्या आनंदानं मान डोलावली की मला त्यांची दया आली.

तरी बायका लगेच बोलल्या नाहीत. वावर-वांगणीची पोरं कुपोषणानं गेली, त्या बातम्यांनंतर गाड्या भरभरून माणसं येऊन गेली होती. वही उघडणारा प्रत्येक जण पोराचं वजन विचारणार, दंडाला मापाची पट्टी लावणार आणि निघून जाणार, हे त्यांना पाठ झालं होतं. मी तिसऱ्या फेरीला वही पिशवीतच ठेवली आणि त्यांच्याबरोबर नागली सडायला बसले. माझ्या हाताला फोड आले ते बघून त्या पोट धरधरून हसल्या. तिथून पुढे बोलणं सुरू झालं.

पाड्यावर सगळ्यांत वयस्कर एक बाई होती, तिला सगळ्या थोरली म्हणायच्या. काटक, काळी, कमरेच्या लाकडी आकड्यात कायम कोयता. तिनं एकदा मला विचारलं, तू इथं आलीस हे कोणाला ठावं हाय? मी म्हटलं, मामाला. ती म्हणाली, तो तर निजलाय, आत्ताच बघून आले. आणि मग तिनं मला पाला ठेवायला शिकवलं.

गोष्ट अगदी साधी होती. दिवाळीनंतर पाड्यातले बरेचसे पुरुष जगायला खाली उतरायचे, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. मागं राहिलेल्या बाईला एकटीला कुठं जायचं असलं, तर वाटा फुटतात त्या जागी ती एक ताजी डहाळी दगडाखाली ठेवायची, देठ जायच्या दिशेला. प्रत्येकीची पानं मोडायची रीत वेगळी, त्यावरून डहाळी कोणाची ते कळायचं. परत येताना आपली डहाळी आपण उचलून टाकायची. आणि दिवस कलताना जी शेवटची त्या वाटेनं येईल, तिनं दगड बघायचे. एखादा पाला अजून पडून असेल, तर त्या बाईनं घरी जायचं नाही. आधी हाका मारून सगळ्यांना गोळा करायचं आणि शोधायला निघायचं. मला खूण मिळाली ती ऐनाच्या झाडाची तीन पानं, काडीनं टाचलेली.

मी थक्क झाले. आमच्या वसतिगृहात फाटकाच्या आत किती मुली आहेत तेवढं मोजलं जायचं. बाहेर राहिली तिला शोधायला कोणी जात नव्हतं, तिला फक्त दंड होता. इथं उलट. कुठं चाललीस, का चाललीस, कोणाबरोबर, हे कोणी विचारत नव्हतं. परत आली नाहीस तर आम्ही येऊ, एवढंच. हे मला तेव्हा जे पटलं ते आजही पटतं, आणि कोणी वाद घातला तर मी अजूनही तावातावानं भांडते.

आणि एवढं सगळं शिकून मीच माती खाल्ली.

त्या दिवशी मामांना ताप होता. घरी कोणाला न सांगता मी एकटीच बसनं गेले, दगडाखाली तीन पानं ठेवली आणि पलीकडच्या उतारावर दोन बायकांना भेटायला गेले. काम लवकर झालं. उतारावरून खाली गेलं की दुसरा रस्ता लागतो. तिथं आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंची जीप उभी होती. जव्हारला चाललोय, येतेस का म्हणाल्या. मी टुणकन आत बसले. दुपारी साडेतीनला घरी पोचले, जेवले आणि ताणून दिली. पाला माझ्या डोक्यातून पार निघून गेला होता.

रात्री आठच्या सुमाराला आई भाकऱ्या करत होती आणि बाबा ओट्यावर शाळेच्या वह्या तपासत होते, तेव्हा कुत्री भुंकायला लागली. मी बाहेर आले तर अंगणात सात बायका उभ्या. सगळ्यांच्या कमरेला कोयते, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. थोरली पुढं. दगडाखालची पानं बघून त्यांनी दोन ओढे धुंडाळले होते, टपरीवर विचारलं होतं आणि मग शेवटच्या गाडीनं गुरुजींचं घर विचारत जव्हारला आल्या होत्या.

मला बघून थोरलीनं आधी माझे दोन्ही दंड चाचपले. मग जी बोलायला लागली ती थांबेना. सगळ्यांच्या चुली विझलेल्या राहिल्या, एक जण ओढ्यात पडली, आणि ही शिकलेली बाय घरात निजली! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा गोंधळून उठले आणि म्हणाले, पण हिच्याबरोबर तर हिचा मामा असतो.

थोरलीनं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

“मामा टपरीवर बसतो, गुरुजी. आज तर तो पण नव्हता. ही एकलीच येते. आमाला ठावं हाय. तुमाला नाय ठावं?”

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला विचारलं, खरं का? मी म्हटलं, दोन महिने झाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते थोरलीसमोर पायरीवर बसले आणि त्यांनी तिला तो पाल्याचा प्रकार सगळा विचारून घेतला. कोण बघतं, कधी बघतं. एखाद्या दिवशी कोणी बघितलंच नाही तर काय? थोरलीला हा शेवटचा प्रश्न कळलाच नाही. बघितलं नाही, असं कसं व्हईल? आईनं सगळ्यांना चहा दिला. मी खांबाला टेकून उभी होते.

मग बाबा उठले. “मी लिहून दिलेलं पत्र खोटं ठरलंय. ते मी राहू देणार नाही.”

संपलं, मी मनात म्हटलं. विषय गेला, दोन महिने पाण्यात. बाबा आत जाऊन टेबलाशी बसले, नवा कागद घेतला आणि लिहायला लागले. रडायचं नाही असं ठरवलं होतं तरी डोळे भरून आले, आणि स्वतःचाच इतका राग आला की खांबावर डोकं आपटून घ्यावं. बाबा कागद घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो मला दिला नाही. बायकांपुढं उभं राहून, वर्गात वाचतात तसा, मोठ्यानं वाचला.

माझी मुलगी मामाबरोबर जात नाही, एकटी जाते, हे मला आज कळलं. ती सुखरूप आहे की नाही हे मी संध्याकाळच्या गाडीवरून ठरवत होतो. या बायकांना ते त्याआधी कळतं. आज ती दिसली नाही म्हणून त्या शोधत माझ्या दारापर्यंत आल्या. असं मी केलं नसतं, कारण मला कळलंच नसतं. तिच्या एकटीनं जाण्याला माझी पूर्ण संमती आहे.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. थोरलीनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, ती पाला उचलायची विसरली ते पण लिवा. बाबांनी गंभीरपणे तेही लिहिलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

पाड्यातली माणसं कागदाला अंगठा द्यायला सहसा तयार होत नाहीत. अंगठा दिला आणि जमीन गेली, अशा गोष्टी घरोघरी ऐकलेल्या. बाबांनी मागितलाही नव्हता. पण थोरली म्हणाली, “खाली आमचं पण लावा. आमी बघतो तिला.” बाबांनी शाळेचा शाईचा पॅड आणला. एकेक करून सात अंगठे उमटले आणि बाजूला बाबांनी एकेकीचं नाव लिहिलं. शेवटची बाई शाई पदराला पुसायला लागली तेव्हा आईनं तिला फडकं दिलं. त्या सगळ्या आमच्या ओट्यावरच झोपल्या आणि पहिल्या गाडीनं परत गेल्या.

नाशिकला मार्गदर्शक बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. पाला विसरल्याच्या ओळीला त्या हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, उद्या काही झालं तर हे अंगठे काय कामाचे? मी एरवी त्यांच्यासमोर चळचळा कापायचे. त्या दिवशी नाही. मी म्हटलं, बाई, तुमच्या अटीतला पुरुष टपरीवर झोपायचा आणि तुमची अट पूर्ण व्हायची. या सात जणींनी दोन ओढे धुंडाळले, आणि मला तर काही झालंही नव्हतं.

त्यांनी माझा अर्ज काढला, पहिल्या अटीवर आडवी रेघ मारली आणि खाली ‘मान्य’ लिहून सही केली. जिना उतरताना मी मोठ्यानं ओरडले. शिपाईकाका धावत आले, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही काका, जिंकले.

सोमवारी मी फाट्यावर उतरून वर चढले, एकटी आणि राजरोस. वाटेतच त्या भेटल्या. थोरलीनं मोळी खाली ठेवली आणि थेट विचारलं, “चालला का आमचा अंगठा?”

“चालला.”

ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. शाई अजून नखाच्या कडेला होती. मग तिनं तो मागच्या सगळ्यांना उंच करून दाखवला, आणि त्या डोंगरावर इतका हशा पिकला की खाली टपरीवर ऐकू गेला असेल.