एका टबात आठ

प्रयोगशाळेच्या प्राणिघरात बावीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे उंदीरमावशी म्हणत. सूनही चेष्टेने विचारी, "आई, तिकडच्या लेकी जेवल्या का?"

मावशींचं काम तेच होतं. भूक मारणाऱ्या एका उत्तेजक औषधाची तपासणी चालली होती. डॉक्टरबाई सकाळी टोचत आणि दुसऱ्या दिवशी मावशी उरलेलं खाणं सांडलेल्या चुऱ्यासकट तोलत. म्हणून प्रत्येक उंदरीण वेगळ्या पिंजऱ्यात. टोचली की ती खाण्याकडे ढुंकून बघत नसे. पायाला भिंगरी लावल्यासारखी हुंगत फिरे. दहाबारा दिवसांनी मात्र भूक हळूहळू परतते, हे आधी मावशींच्याच नजरेत आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या तीन वर्षांच्या कामात अर्धे डोळे तुमचे."

पिंजरे धुवायचे ते टोचण्याआधी, हा दंडक. एका सोमवारी मावशींना उशीर झाला. डॉक्टरबाई टोचून बैठकीला गेलेल्या. मावशींनी आठही जणी एका टबात सोडल्या. "बसा गं घटकाभर. एकट्या राहून विटला असाल."

पिंजरे धुऊन, पुसून दीड तासाने बघतात तो पाच मेलेल्या, अंगं तापलेली.  मावशींनी घाईघाईने जिवंत-मेलेल्या सगळ्यांना आपापल्या पिंजऱ्यात ठेवलं.

"कालपर्यंत हाच डोस सोसत होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज काही वेगळं झालं का, मावशी?"

"नाही, बाई."

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. महिनाभर मावशी रोज त्यांच्या दारापर्यंत जात आणि परत फिरत. तोवर अहवाल गेला : नेहमीच्या डोसनेही अचानक मृत्यू. पुन्हा करून बघण्याइतका धीर वरच्यांना नव्हता. काम बंद झालं. डॉक्टरबाई एका कॉलेजात शिकवायला गेल्या.

निवृत्त झाल्यावर मावशी त्यांच्या घरी गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"एकत्र?" डॉक्टरबाई खुर्चीत टेकल्या. "अहो, गर्दीत हे औषध कितीतरी पटींनी जहाल होतं. एकमेकींना डिवचतात, तापतात, मरतात. जुनी माहिती आहे ही. म्हणून तर विचारलं होतं मी."

"विचारलं होतंत."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला. "टब केवढा होता? झाकण होतं?"

मावशींना सगळं पाठ होतं. टबाची लांबी, टोचल्यानंतरची मिनिटं, कोणती कुठल्या कोपऱ्यात पडली होती. डॉक्टरबाई मान हलवत ऐकत राहिल्या.

"अहवालाच्या एका ओळीत बसलं असतं हो हे," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी आपण परत सुरू केलं असतं."