नुसते बघायला येणारे गृहस्थ

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका नोव्हेंबरात, शारजातल्या आमच्या मांस पुरवठा कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा निरोप समारंभ झाला. ते कुठेही जाणार नव्हते.

ते मिरजेचे, शाकाहारी. रुवैसच्या कामगार कॅम्पला ठरलेल्या दरानं वर्षभर बीफ पुरवायचा आमचा करार होता. त्यासाठी ते एका वेळी साठ गुरं घेत. तुम्ही गुरांचा बाजार पाहिला असेल, तर पुढचं ओळखाल. ते शिरले की भाव चढे.

"हम सिर्फ देखने आए हैं," हात मागे बांधून ते म्हणत.

"देखो सेठ, देखो," म्हातारा पठाण व्यापारी म्हणे आणि जनावरामागे पन्नास दिरहम वाढवी. एकदा ते फक्त चहा प्यायला गेले. तरी वाढवले.

त्या वर्षी आफ्रिकेहून येणारं गुरांचं जहाज रखडलं. भाव आधीच चढलेला. या भावानं खरेदी झाली तर तुमचा व्हिसा रद्द, असं मालकानं त्यांना सांगितलं. त्यांच्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती.

"मी नसलो तर भाव उतरेल," ते मला म्हणाले. मी कंपनीत जहाजांची कागदपत्रं पाहायचो.

"मग रजा घ्या."

"रजेवरून माणूस परत येतो. व्यापाऱ्यांना माहीत आहे ते."

अल नहदातल्या त्यांच्या फ्लॅटवर निरोपाला चार व्यापारी श्रीखंड-पुरी जेवले. पुढची खरेदी मी करायची होती; बाजारात मला कोणी ओळखू नये म्हणून मी स्वयंपाकघरातच पुऱ्या तळत होतो. पठाणानं त्यांना मनगटी घड्याळ दिलं आणि गळ्यात पडून रडला. "आप जैसा देखनेवाला अब नहीं आएगा."

मुलगी दारात आली. "बाबा, आर वी ॲक्च्युअली लीव्हिंग?"

"आत जा. गणितं सोडव."

मोठं गिऱ्हाईक गेलं, चारा तर रोज विकतचा. तिसऱ्या दिवशी भाव उतरला. मी वीस-वीस करून साठ गुरं घेतली. व्हिसा राहिला. मुलगी पास झाली.

पण आता त्यांना बाजारात दिसता येईना. पुढची तीन वर्षं खरेदीच्या दिवशी ते कोपऱ्यावर गाडीत, काचा वर करून बसत. मी परतलो की विचारत, "दात बघितलेस?"

एकदा पठाणानं मला सांगितलं, "एक सेठ था. सिर्फ देखने आता था. बहुत याद आता है." गाडीत येऊन मी ते त्यांना सांगितलं. ते बराच वेळ घड्याळाला किल्ली देत राहिले.

ते खरोखर गेले तेव्हा समारंभ झाला नाही. विमानतळावर मी एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. भाव जागचा हलला नव्हता.