चाकणच्या किल्ल्याची वीट

पवनेकाठच्या वीटभट्टीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी चिंचवडच्या शाळेत इतिहास शिकवायचो. त्याला अक्षरओळख नव्हती, पण विटांचा इतिहास त्याच्याकडूनच ऐकावा. रविवारी आम्ही दोघं सायकलींवर चाकणचा किल्ला गाठायचो. पडक्या भिंतीतली वीट तो बोटांनी मोजायचा, टिचकी मारून कान द्यायचा, जिभेलासुद्धा लावायचा. म्हणायचा, "हिच्यात भाताचं तूस हाय, गुरुजी. भाजणारा घाईतला न्हवता."

तिथली एक निखळलेली वीट त्याने भट्टीवर आणून ठेवली होती. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या इंजिनिअरने याच्या सगळ्या विटा पास केल्या. साहेबाची पाठ वळताच हा एकेका विटेला टिचकी मारत बसला. जी बद्द वाजली, ती त्याने फोडली.

मी म्हटलं, "अहो, पास झाल्यात ना!"

त्याने किल्ल्याच्या विटेकडे बोट केलं. "सायबानं केल्या. हिनं कुटं केल्यात?"

आजही त्या कारखान्याच्या भिंतीला मी जाता-येता टिचकी मारतो. किल्ल्याची वीट भाजणाऱ्यानं ही भिंत पास केली असती, एवढं इतिहासाचा मास्तर म्हणून छातीठोकपणे सांगतो.