सिंक बदललं ते दिवस

माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ते फिटर होते आणि आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. एकच शब्द शिल्लक राहिला, 'नाही'. चहा हवा का विचारलं तरी 'नाही' म्हणायचे आणि डाव्या हाताने कप घ्यायचे. हळूहळू मी त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडलं.

आठ महिन्यांनी, ते अजून आजारपणाच्या रजेवर असताना, स्वयंपाकघरातलं सिंक गळायला लागलं. भोकाभोवतीचा पत्रा फाटला होता, खालचा लोखंडी पाइप गंजून सुटत होता. प्लंबर बोलावला. तो ओट्याखाली वाकला, तसे हे काठी टेकत आले, स्टुलावर बसले आणि त्यांनी तो पाइप घट्ट धरून ठेवला. सिंक पूर्वी त्यांनीच बसवलेलं होतं. प्लंबर ओट्याखालून बाहेर आला. "भाभीजी, साहब नहीं चाहते," म्हणाला आणि सामान आवरून गेला.

मी पुण्याला मुलाला फोन केला.

"आई, दिवाळीनंतर तुम्ही इकडेच येणार आहात. कशाला हा उपद्व्याप?"

तसं आमचं ठरलं होतं, माझं आणि त्याचं. पण दिवाळी लांब होती आणि सिंकखालची बादली दिवसातून चारदा उपसावी लागत होती. शेवटी मीच करायचं ठरवलं. तोवर मी कधी पाना हातात धरला नव्हता.

अशोका गार्डन भागातल्या दुकानातून त्याच मापाचं स्टीलचं सिंक, प्लास्टिकचा पाइप, नट आणि रबरी वॉशर आणले. जुनं सिंक सिमेंटने ओट्याला धरलेलं होतं. ते सोडवण्यात दोन दुपारी गेल्या. मी छिन्नी फार उभी धरत होते. त्यांनी माझं मनगट धरून ती तिरपी केली. तेवढं सोडलं तर ते नुसते बघत बसले होते, आणि मला त्या बघण्याचं ओझं होत होतं.

नवं सिंक बसलं. दुसऱ्या दिवशी पाइप जोडायला घेतला. वॉशर एका बाजूने जाड होता, दुसरीकडे निमुळता होत गेलेला. मी तो पाइपवर चढवला.

"नाही," ते म्हणाले.

"झालंच आता."

"नाही."

"अहो, बसतोय तो. तुम्ही स्वस्थ बसा."

पान्याने नट आवळला आणि नळ सोडला. जोडातून पाणी माझ्या कोपरावर आलं, तिथून फरशीवर. मी तिथेच ओल्यात बसून राहिले. रडू आलं नाही, पण उठवेनाही.

त्यांनी डावा हात पुढे केला. मी नट सोडवला आणि वॉशर काढून त्यांना दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवून उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. निमुळती बाजू जोडाकडे हवी होती. तसा घातला, नट हाताने फिरवला, पुन्हा पाना उचलला, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"नाही."

नट हातानेच पुरेसा आवळला होता, पाना नको होता. पाना खाली ठेवून नळ सोडला. जोडाखालून बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. तेव्हा ते पुन्हा 'नाही' म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, लांबवून. ते वेगळं होतं, होकाराचं. लहान मूलही ओळखेल इतकं वेगळं.

आठ महिने मी त्यांना औषधं दिली, अंघोळ घातली, डॉक्टरांशी बोलले. त्यांचं मत मात्र कशातच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून विचारलं, "पुण्याला जायचं का? दिवाळीनंतर?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. दुसरी पाळी सुटायला अजून वेळ होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. मी या वेळी घाई केली नाही.

"नाही," ते म्हणाले. स्पष्ट, माझ्याकडे बघून.

मी मुलाला फोन लावला. "बाबा म्हणतात, निवृत्तीपर्यंत इथेच राहायचं."

"बाबा बोलले?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

निवृत्तीपर्यंतचं ते सव्वा वर्ष आम्ही त्याच क्वार्टरमध्ये काढलं.