बबनरावांचा लाल्या

आर्णीकडच्या एका गावातले बबनराव इंगोले म्हणजे तोंडाचा तोफखाना. कृषी मेळावा असो की कोणाचा तेराव्याचा कार्यक्रम, बबनराव उभे राहिले की साहेब लोक घड्याळाकडे पाहत. बोंडअळी लागत नाही म्हणून बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला त्यांनी भर सभेत विचारलं होतं, "तुमच्या पाकिटावर अळीचा फोटो कायले छापला? तिले घर सापडावं म्हून का?" त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. बोंडं अळीनं पोखरलेली आणि जे वेचून यायचं त्याला भाव नाही. गावात लोक बोलायचेच कमी झाले होते. बबनराव सगळ्यांच्या वाटचं बोलून घेत.

अशा माणसाचं तोंड कधी बंद होत नव्हतं आणि दुसरं टोक काही केल्या उघडत नव्हतं.

सकाळी संडासात गेले की बबनराव गावाच्या हिशेबातून वजा होत. बाहेर बायको विमलताई दोनदा चहा गरम करून तिसऱ्यांदा स्वतःच पिऊन टाकी. शौचात कधीकधी रक्त दिसायचं. हे मात्र बबनरावांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सरकारच्या सगळ्या भानगडी चव्हाट्यावर मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या ढुंगणाची गोष्ट बायकोपुढंही काढता येईना. मेल्यागत लाज वाटे.

त्यांच्या मुलानं, अमरनं, नागपूरहून येऊन फोनमध्ये एक सल्लागार टाकून दिला होता. बोलून प्रश्न विचारा, एआय बोलून उत्तर देईल. कापसावर काय फवारायचं, तुरीला पाणी कधी द्यायचं, सगळं. बबनरावांना तो आवडला, कारण तो मध्येच बोलत नसे. एका सकाळी गोठ्यामागं जाऊन, इकडंतिकडं पाहून, ते फोनला हळूच म्हणाले, "बावा, मले झाडा साफ होत नाई."

पोट साफ होण्याला त्यांच्याकडं झाडा होणं म्हणतात. फोनला ते कुठून ठाऊक?

"आपल्या झाडाची वाढ थांबली आहे का?" फोननं अदबीनं विचारलं.

शिकलेले लोक आडून बोलतात, हे बबनरावांना माहीत होतं. "वाढ-गिढ नाई. अडकून राह्यते. लय जोर लावा लागते."

"लाल रंग दिसतो का?"

बबनराव गारच झाले. न सांगता ओळखलं की यानं! "हो ना गा. दिसते कधी कधी."

"हा लाल्या रोग असू शकतो. मॅग्नेशियमची कमतरता हे त्याचं एक कारण आहे. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून फवारणी करावी."

लाल्या हा कापसाचा रोग. पानं लाल होतात आणि झाड बसतं. बबनरावांनी जन्मभर तो पाहिलेला. पण माणसाच्या अंगातही मॅग्नेशियम कमी पडतं, असं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. जे कपाशीला होतं ते माणसाला काहून नाही होणार? अडचण एकच होती. फवारणी कोणत्या टोकाकडून करायची, हे फोननं सांगितलं नव्हतं. ते पुन्हा विचारायची हिंमत होईना. शेवटी त्यांनी सोपा मार्ग धरला. खताच्या खोलीतली मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी उघडली, लोटाभर पाण्यात मूठ टाकली, ढवळलं आणि डोळे मिटून पिऊन टाकलं.

दुपारपर्यंत बबनरावांना वावर दिसलं नाही, अंगण दिसलं नाही, दिसलं ते फक्त संडासाचं दार. शेवटी ते दारातच बसले, चेहरा चुन्यासारखा. विमलताई पाणी टाकायला आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"अवो, हे रक्त कवापासून जाऊन राह्यलं?"

"दिवाळीपासून."

"यंदाच्या का मांगच्या?"

बबनराव भिंतीकडे पाहू लागले. विमलताईनं पदर खोचला आणि शेजारच्या बाबूसिंगला हाक मारली. बाबूसिंगचा ऑटो यवतमाळच्या रस्त्याला लागला तेव्हा मागच्या सीटवर बबनराव आडवे होते आणि विमलताई त्यांना सगळ्या रस्त्यानं शिव्या देत, हातानं वारा घालत होती.

पोटाच्या डॉक्टर भैरवीबाईंनी सलाइन लावलं, सगळं ऐकलं आणि आधी पोटभर हसून घेतलं. "काका, मॅग्नेशियम सल्फेट जुलाबाचं औषधच आहे. पण खताच्या पिशवीतलं नव्हे! किडनी गेली असती." मग हसू थांबवून म्हणाल्या, "रक्ताचं मात्र आतून पाहावं लागेल. दुर्बीण घालून."

"कुठून?"

डॉक्टरांनी सांगितलं. बबनरावांनी विमलताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडं काय पाह्यता? घाला म्हणा."

आतडं साफ करायला आदल्या दिवशी पुन्हा पावडरचं पाणी प्यावं लागलं. बबनराव कुरकुरले, "घरी प्यालो त शिव्या, अन् इथं प्यालो त इलाज."

तपासणीच्या वेळी त्यांनी पडद्यावर पाहायचा हट्ट धरला. डॉक्टर म्हणाल्या, "यातही एआय आहे बरं का. आतड्याच्या भिंतीवर काही संशयाचं दिसलं की हिरवी चौकट काढतं."

"म्याडम, ह्याले बोलू देऊ नोका मातर."

पडद्यावर गुलाबी, ओला बोगदा सरकू लागला. आपण आतून इतके देखणे असू, असं बबनरावांना वाटलं नव्हतं. एकदम हिरवी चौकट चमकली. डॉक्टरांनी नीट पाहिलं. "हे तुरीचं सालपट आहे."

"हाये न हा बी येडाच," बबनराव खूश होऊन पुटपुटले.

दुर्बीण मागं घेताना एका घडीपाशी चौकट परत चमकली आणि गेली. डॉक्टरांची नजर पुढं गेली होती. त्या थांबल्या, मागं वळल्या, घडी हळूच दाबली. तिच्याआड देठावर उभा असलेला एक लालसर मांसल मोड होता. आता कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी तारेचा फास टाकून तो मुळातून काढला आणि तपासायला पाठवला. "एकटीनं पाहिलं असतं तर कदाचित सुटला असता," त्या सरळ म्हणाल्या.

रिपोर्ट येईपर्यंत बबनराव गप्प होते. गावात कापसाची गाडी उलटली, ते काही बोलले नाहीत. सरपंच दारावरून गेला, त्यालाही काही बोलले नाहीत. विमलताईला रक्तापेक्षा या शांततेची धास्ती वाटली. चुलीपुढं बसून ती म्हणाली, "काही त बोला. शिव्या द्या. मलेच द्या." बबनराव म्हणाले, "भेव वाटून राह्यलं, विमल." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ती त्यांच्या शेजारी सरकून बसली.

कॅन्सर नव्हता. पण त्याच वाटेवर निघालेला होता, पुढं झाला असता. काही वर्षांनी पुन्हा आतून पाहायचं आणि तोवर भाजी-ताक खायचं, तंबाखूचा खर्रा सोडायचा, एवढ्यावर सुटका झाली.

मग बबनरावांचं तोंड जे सुटलं ते आवरेना. पानठेल्यावर, वेचणीच्या बायांपुढं, एकदा तर बारशात, ते आपल्या आतड्याची सहल रंगवून सांगू लागले. समोरच्या माणसाला रामराम केला की लगेच विचारत, "झाडा कसा हाये?" लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. विमलताईनं कपाळाला हात लावला.

एका सकाळी बाबूसिंग वावरात आला. पीळदार मिशांचा, कोणापुढं मान न झुकवणारा माणूस. बांधावर उगाच उभा राहिला, गवताची काडी तोडली, चावली, थुंकली.

"बबनराव, येक बोलायचं होतं. कोणाले सांगू नोका."

बबनरावांनी तोंड उघडलं, मग मिटलं. हातातला कापूस कमरेच्या ओट्यात टाकला आणि यवतमाळला निघायचं म्हणून मोटरसायकलच्या किल्लीसाठी खिसे चाचपू लागले.